ओरखडा पाहून अख्खा दरवाजा रंगवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी सोलापुरात गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं काम करतो. अक्कलकोट रोडला माझी शेड आहे. दसरा झाला की पुढचे काही दिवस तिथे एकाच तऱ्हेच्या गाड्या येतात. झेंडूचा हार तारेत ओवलेला असतो, तारेचं टोक पुढच्या जाळीला गुंडाळलेलं असतं आणि गाडी तशीच हारासकट तुळजापूरला जाऊन येते. वाटभर ती तार वाऱ्याने बॉनेटवर घासत राहते. पूजेच्या अक्षता आणि हळद-कुंकू बॉनेटवर वाळतं आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी ते कोरड्या फडक्याने खसाखसा पुसून काढतं. मग मालक गाडीतून उतरतो आणि पहिलं वाक्य म्हणतो, "अण्णा, बॉनेट मारून द्या."

मारून द्यायला माझी ना नाही, पोट त्याच्यावरच आहे. पण त्यातल्या बहुतेक गाड्यांना रंगाची गरजच नसते. ते ओरखडे सावलीत बसून, हाताने, तासाभरात जाण्यासारखे असतात. ही गोष्ट लोकांना कुणी सांगत नाही, म्हणून हे पत्र लिहितो आहे. थोडं लांबेल, पण कृपा करून कापू नका. अर्धवट ऐकून केलेली घासाघीस रंगवण्यापेक्षाही महाग पडते.

हल्लीच्या गाडीवर रंगाचे थर असतात. फॅक्टरीत उघडा सांगाडा हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने गंज रोखणारा पहिला थर चढवतात. त्यावर प्रायमर, त्यावर खऱ्या रंगाचा पातळ थर आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर. आमच्यात त्याला लॅकर म्हणतात. पत्र्यापासून वरपर्यंत सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा किंवा थोडा जास्त. त्यातला लॅकर जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉन. हे पत्र ज्या कागदावर छापाल, तो एकेरी कागदसुद्धा त्या लॅकरपेक्षा जाड असतो. गाडीची सगळी चकाकी त्या एवढ्याशा थराची आणि उन्हापासून रंग राखणारी द्रव्यंही त्यातच.

काळ्या, निळ्या गाडीवर पांढरी रेघ दिसली की लोकांना वाटतं, रंग गेला. बहुतेक वेळा रंग जागेवरच असतो. लॅकरमध्ये बारीक खाच पडलेली असते, तिच्या धारदार कडांवर उजेड विखुरतो आणि रेघ पांढरी दिसते. त्या कडा घासून बोथट केल्या, आजूबाजूचा लॅकर अगदी किंचित खाली आणला, की उजेड सरळ परततो आणि रेघ दिसेनाशी होते. हाताने पॉलिश करणं म्हणजे एवढंच.

ओरखडा हलका की खोल, हे ओळखायला पाणी पुरतं. आमच्या गल्लीतल्या एका शिक्षिकांनी सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानाजवळ गाडी लावली होती. गर्दीत कुणाच्या तरी मोटारसायकलचा ब्रेक-लिव्हर डाव्या बाजूने घासत गेला. गडद निळी गाडी, पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत हातभर लांब रेघा. एका वर्कशॉपने त्यांना दोन्ही दारं रंगवायचा आकडा लिहून दिला होता. तो कागद हातात घेऊनच त्या आल्या. "काका, एवढे लागतात का हो?" मी म्हटलं, "बाई, आधी एक तांब्या पाणी आणा."

रेघांवर पाणी ओतलं. पाणी वाहत होतं तोवर तीन रेघा गायब झाल्या, चौथी मात्र हँडलच्या खाली बोटभर तशीच राहिली. पाण्याने खाच भरली की उजेड विखुरत नाही. म्हणून ओली असताना दिसेनाशी होणारी रेघ लॅकरमधलीच समजायची. मग मी त्यांना नख आडवं फिरवून बघायला सांगितलं. तीन रेघांवरून नख सरकलं, चौथीत अडकलं. नख अडकलं म्हणजे ती घासून पूर्ण जाणार नाही; तिथे घासत बसलात तर खाच तशीच राहील आणि आजूबाजूचा लॅकर मात्र उडेल. तीन रेघा हाताने गेल्या. चौथीच्या कडा मऊ केल्या आणि तळाशी बारीक ब्रशने टच-अपचा, म्हणजे जुळत्या रंगाचा, थेंब सोडला. तिथे काही झालं होतं हे आजही त्यांना बोट ठेवून शोधावं लागतं. दोन्ही दारांवरचा फॅक्टरीचा रंग मात्र शाबूत आहे.

खाचेच्या तळाशी राखाडी प्रायमर किंवा पत्रा दिसत असेल, तर घासायच्या भानगडीत पडू नका. पत्रा दिसतो तिथे पावसाळ्याआधी टच-अप करूनच घ्या. रंगाचा कोड बहुतेक गाड्यांच्या दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. उलट, मधला मारुती किंवा नवी पेठेच्या गर्दीत गाडी घासली गेली की दारावर जो पांढरा, लाल पट्टा उठतो, तो पुष्कळदा ओरखडाही नसतो. दुसऱ्या गाडीचा रंग आपल्या लॅकरवर चिकटलेला असतो. तो पॉलिशने दोन-चार हातांत उतरतो. अशा पट्ट्यापायी लोकांनी आख्खा बंपर रंगवून घेतलेला मी पाहिला आहे आणि मला वाईट वाटलं आहे.

आता हाताचं काम. गाडी आधी धुतलेली हवी, निदान तो भाग तरी. धूळ राहिली तर पॉलिशच्या जोडीने तीही घासली जाते आणि एका रेघेच्या जागी पन्नास होतात. काम सकाळी लवकर, सावलीत करायचं. तळहात पत्र्यावर ठेवून बघा. कोमट लागला तरी थांबा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो आणि काळं बॉनेट हात ठेववत नाही इतकं तापतं. त्यावर पॉलिश टाकलं की घासायच्या आधीच वाळतं आणि त्याचे डाग काढताना नवे ओरखडे पडतात.

रबराच्या पट्ट्या, काळं प्लास्टिक यांच्या कडेने मास्किंग टेप लावा, नाहीतर पॉलिश त्यात शिरून पांढरं वाळतं. पॉलिश 'फाइन' घ्या. जाड रबिंग कंपाउंडचा डबा स्वस्त मिळतो, पण तो घरच्या माणसाच्या हाताचा नाही. हातभर चौरसापेक्षा जास्त जागा एका वेळी घेऊ नका. स्पंजच्या चपट्या पॅडवर हरभऱ्याएवढे तीन-चार थेंब घ्या आणि घासायच्या आधी ते जागेवर पसरून घ्या. बोटांच्या टोकांनी दाबू नका, चारही बोटं सपाट ठेवा. टोकांनी दाबलं तर दाब चार ठिकाणीच पडतो आणि चार पट्टे उठतात. मी पोरांना सांगतो, मनगट सैल ठेवा, जोर खांद्यातून येऊ द्या.

हात गोल फिरवू नका. आडवं सरळ, मग उभं सरळ, प्रत्येक हात आधीच्या हातावर अर्धा चढलेला. गोल घासलेल्या खुणा कोणत्याही बाजूच्या उन्हात चमकतात. सरळ खुणा राहिल्याच तर एकाच बाजूने दिसतात. चांगल्या पॉलिशमधले कण घासता घासता बारीक होत जातात. सुरुवातीला हाताला किंचित खर लागते, मिनिट-दोन मिनिटांत ती जाते आणि पॉलिशचा थर तेलासारखा पातळ दिसायला लागतो. तिथे थांबायचं. स्वच्छ फडक्याने पुसून उजेडात तिरकं बघायचं. रेघ फिकट झाली असेल तर आणखी एकदा, फार तर दोनदा. त्यानंतरही दिसत असेल तर ती तेवढीच राहू द्या. लॅकरमधून पाच-सात मायक्रॉनच्या पुढे काढू नये असं आम्ही धरून चालतो, आणि तो हिशोब गाडीच्या सगळ्या आयुष्याचा आहे, एका रविवारचा नव्हे. जास्त उडवलेला लॅकर लगेच काही दाखवत नाही. काही उन्हाळे गेले की टपावर पांढरट चट्टे येतात आणि सालपटं निघू लागतात. मग मात्र रंगवण्यावाचून इलाज नसतो.

बॉनेटची धार, दारावरची उठलेली घडी, चाकावरची कमान या ठिकाणी रंग मुळातच पातळ असतो आणि घासणाऱ्याचा दाब नेमका तिथेच पडतो. तिथे हात उचलून न्या.

फडक्यावर रंग आला तर दोन शक्यता. काही साध्या पांढऱ्या-लाल गाड्यांवर वेगळा लॅकर नसतो, तिथे थोडा रंग फडक्यावर येणारच. भिऊ नका, पण हात हलका करा. मेटॅलिक गाडीवर मात्र फडक्यावर रंग आला तर त्या क्षणी थांबा. लॅकर संपला आहे.

माझ्या उमेदवारीच्या काळात अँबेसिडर आणि पद्मिनी शेडमध्ये असायच्या. त्यांना एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंट मारायचा आणि मारल्यानंतर खरं काम सुरू व्हायचं. पाणी लावून घासायचा वॉटर पेपर, मग कंपाउंड, मग कापडाने हात, दिवसच्या दिवस. चकाकी हातातूनच काढावी लागायची. मशीन आलं, क्लिअर आलं आणि नव्या पोरांच्या हातातून ती सवय गेली. मशीनशी माझं वैर नाही, मीही वापरतो. पण वितभर ओरखड्यासाठी मशीन चालवलं, की पत्रा तापतो, गरजेपेक्षा जास्त लॅकर उडतो आणि शिकाऊ पोराकडून धारेवरचा रंग जळतो. वितभर कामाला हात बरा.

टूथपेस्टबद्दल स्पष्ट लिहितो, कारण मोबाइलवर तो उपाय सारखा फिरत असतो. टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते, म्हणून रेघ थोडी फिकट होते हे खरं. पण ती पूड दातांच्या हिशोबाने घातलेली, रंगाच्या नव्हे. गडद गाडीवर त्या जागी मंद ढग उठतो आणि तो काढायला शेवटी पॉलिशच लागतं. खोबरेल तेल, रॉकेल, 'झटपट चमक'च्या बाटल्या, हे सगळं खाच भरून रेघ झाकतं. दोन धुण्यांनी रेघ परत हजर. त्यातल्या सिलिकॉनवाल्या बाटल्या आम्हा पेंटरांना वेगळाच त्रास देतात: पुढे कधी तो पॅनल रंगवायची वेळ आली आणि सिलिकॉन राहिलं असलं, तर नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात. थिनरही लावू नका. पूर्वी कुणी तो पॅनल एनसीने रंगवला असेल, तर रंगच विरघळून हातात येईल.

फॅक्टरीचा रंग राखा असं मी का म्हणतो? फॅक्टरीत वरचा रंग भाजतात तेव्हा गाडीत ना सीट असते, ना वायर, ना प्लास्टिक. सुमारे १४० अंशांच्या भट्टीतून तो निघतो. आमच्याकडे तयार गाडी येते. चांगल्या बूथमध्येही, म्हणजे रंगकामाच्या बंद खोलीतही, ६० अंशांच्या आसपासच थांबावं लागतं, आणि पुष्कळ शेडमध्ये तर बूथच नाही, रंग वाऱ्यावर वाळतो. आमचा रंग वाईट असतो असं नाही, जीव ओतून करतो आम्ही. पण भट्टीतला थर तो भट्टीतला थर. शिवाय एका दाराचा मेटॅलिक रंग शेजारच्या दाराशी जुळावा म्हणून शेजारीही फवारा न्यावा लागतो. म्हणजे एका ओरखड्यापायी दोन पॅनलचा मूळ रंग झाकला जातो. जुन्या गाड्या घेणारे आता रंगाची जाडी मोजायचं यंत्र खिशात घेऊन फिरतात. १२० मायक्रॉन दाखवणाऱ्या गाडीत एक दार २५० दाखवू लागलं की ते विचारतात, "ॲक्सिडेंट कधी झाला?" तो फक्त हाराचा ओरखडा होता, हे त्यांना कसं पटवणार?

विम्यातून करून घेऊ, असंही बरेच जण म्हणतात. क्लेम न केल्याबद्दलची सूट पहिल्या वर्षाला २० टक्के आणि वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते. एका किरकोळ क्लेमने ती पुन्हा शून्यावर येते. आकडा मांडून बघा, मगच फॉर्मवर सही करा.

हे ओरखडे येतात कुठून? किल्लीने मुद्दाम ओढणारे थोडेच. बाकी बहुतेक आपण स्वतः पाडतो, रोज सकाळी, पिवळ्या फडक्याने. सोलापूरची धूळ तुम्हाला ठाऊक आहे. रात्रीत काचेवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी बसते आणि रस्त्याच्या, बांधकामाच्या धुळीत वाळूचे कण असतात, ते लॅकरपेक्षा कितीतरी कठीण. कोरडं फडकं त्या धुळीवर फिरवणं म्हणजे बारीक पॉलिश पेपर फिरवणं. जुळे सोलापूरच्या सोसायट्यांतून एकच माणूस एकाच बादलीत, एकाच फडक्याने दहा-वीस गाड्या पुसतो. पहिल्या गाडीची वाळू शेवटच्या गाडीला लागते. त्याचा दोष नाही. त्याला दुसरी बादली कुणी दिलेली नाही.

आपल्याकडे पाणी रोज येत नाही, हे मला सांगायला नको. पाइपने गाडी धुवा असं मी म्हणणारच नाही. दोन बादल्या पुरतात: एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. आधी मगाने वरून खाली पाणी सोडून धूळ वाहून जाऊ द्या, मग शाम्पूचा हात, आणि प्रत्येक वेळी फडकं साध्या पाण्यात पिळून मगच पुन्हा शाम्पूत. कपड्यांची पावडर नको. बोअरचं पाणी असेल तर अंगावर वाळू देऊ नका, क्षाराचे पांढरे ठिपके बसतात आणि तेच नंतर घासून काढताना ओरखडे पडतात. जेवढं पाणी असेल तेवढ्यात आठवड्यातून एकदा नीट धुवा आणि मधले दिवस गाडी धुळीची राहू द्या. धुळीने रंगाला काही होत नाही, ती कोरडी पुसल्याने होतं.

आणि पुसायला कापड शोधत लांब कशाला जायचं? आपलं गाव टॉवेलचं. कारखान्यांतला सेकंडचा माल घ्या, दोन-तीनदा धुवा म्हणजे त्यातली खळ निघेल. काठाची जाड शिवण आणि लेबल कात्रीने काढून टाका, रंगावर रेघ मारतात ती तीच. लांब, मऊ फंदांचा, म्हणजे वर उठलेल्या धाग्यांचा, सुती टॉवेल पाणी टिपायला उत्तम. टेकवायचा आणि उचलायचा, ओढायचा नाही. पॉलिश पुसायला मात्र मायक्रोफायबरच घ्या, सुती फंदात पॉलिश अडकून बसतं. खाली जमिनीवर पडलेलं फडकं त्या दिवसापुरतं गाडीला पुन्हा लावायचं नाही. माझ्या शेडमध्ये हा नियम मोडणाऱ्याला मी घरी पाठवतो.

पॉलिश झाल्यावर वॅक्सचा एक हात द्या. आपल्या उन्हात तो दोन-तीन महिने टिकला तरी पुष्कळ. सिरॅमिक कोटिंगवाले 'नाइन एच' म्हणून सांगतात. ते माप पेन्सिलीच्या कठीणपणाचं आहे, वाळूच्या कणाला ते अडवत नाही. पाणी आणि मळ त्यावरून चांगला घसरतो, तेवढ्यासाठी घ्यायचं तर घ्या.

आता जे लिहायचं म्हणून मुख्यतः लेखणी उचलली, ते लिहितो. अनावश्यक रंगकामाची किंमत गाडीमालकाच्या खिशातून जाते तशी ती आमच्या पोरांच्या छातीतूनही जाते. हल्लीच्या टू-के, म्हणजे दोन भाग मिसळून बनणाऱ्या, रंगात जो हार्डनर (रंग कडक करणारं द्रव्य) मिसळतात, त्यात आयसोसायनेट असतं. फवारा उडाला की त्याचे कण श्वासात जातात. त्याने दमा जडतो, आणि एकदा शरीराला ते बाधू लागलं की पुढे थोडासा फवारासुद्धा माणसाला सोसत नाही. त्यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. आपल्याकडे किती ठिकाणी तो आहे? तोंडाला रुमाल बांधून, कुठे तोही न बांधता, पत्र्याच्या बंद शेडमध्ये पोरं दिवसभर फवारतात. माझ्याकडचा एक हुशार मुलगा, रंग जुळवण्यात त्याचा डोळा माझ्यापेक्षा तयार, रात्री खोकून झोपेना. डॉक्टरांनी फवाऱ्यापासून लांब राहायला सांगितलं. आता तो डेंटिंग करतो. फवाऱ्याची गन दुसऱ्याच्या हातात असते तेव्हा तो रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहतो.

जी दारं रंगवायलाच हवीत, ती रंगवू. अपघाताच्या गाड्या आहेत, गंजलेल्या आहेत, काम कमी पडणार नाही. पण जो ओरखडा पाण्याने दिसेनासा होतो, त्यासाठी कुणाच्या छातीत तो फवारा जायला नको.

म्हणून शहरातल्या वर्कशॉपवाल्यांना, ज्यांत माझे स्नेहीही आहेत, विनंती आहे. इस्टिमेट लिहिण्याआधी गिऱ्हाइकासमोर पाणी टाका, त्याला स्वतःचं नख फिरवून बघू द्या. इस्टिमेटच्या कागदावर 'रंगकाम' या रकान्याशेजारी 'हाताने पॉलिश' असा रकाना छापून घ्या आणि त्याची मजुरी व्यवस्थित लावा; ते कसबाचं काम आहे, फुकट करू नका. आयटीआयमध्ये रंगकाम शिकवणाऱ्या सरांनी पोरांच्या हातात गन देण्याआधी महिनाभर पॅड द्यावं. आणि गाडीमालकांनो, कुणी तुम्हाला पॅनल रंगवायला सांगितलं, तर आधी तांब्याभर पाणी मागा. ते द्यायला जो कां-कूं करील, त्याच्याकडे गाडी सोडू नका.

आपला नम्र,
एक जुना पेंटर,
अक्कलकोट रोड, सोलापूर